भिंत कोणाच्या खांद्यावर? बॉयलरच्या बांधणीचं एक परीक्षण



परीक्षण म्हटलं की पुस्तकाचं होतं, नाटकाचं होतं, फार तर एखाद्या मंदिराचं किंवा जुन्या वाड्याचं होतं. बॉयलरचं परीक्षण कोणी करत नाही. बॉयलरची तपासणी होते. तपासणीत एवढंच पाहतात की पुढचं वर्षभर हा चालवायला हरकत नाही ना. आम्हाला आज वेगळा प्रश्न विचारायचा आहे. बॉयलर ही एक बांधलेली वस्तू आहे. तिला पाया आहे, खांब आहेत, भिंती आहेत, छत आहे. मग एखाद्या इमारतीकडे बघतो तसं तिच्याकडे बघितलं तर काय दिसतं? वजन कोण घेतं, रेटा कोण सोसतो, हलायला जागा कोणाला ठेवली आहे, आणि बांधणाऱ्यानं कुठं विचार केला आणि कुठं वेळ मारून नेली?

हे मुर्रीत बोलायला कारण आहे. गोंदिया जिल्ह्यात या बांधकामाची दोन्ही टोकं तासाभराच्या अंतरात बघायला मिळतात. गोंदियाच्या आजूबाजूला राइस मिल आहेत. त्यांतल्या ज्या उसना तांदूळ काढतात, त्यांना धान वाफवायला आणि वाळवायला वाफ लागते, म्हणून तिथं तुसावर चालणारा बॉयलर असतो. आणि तिकडं तिरोड्याला औष्णिक वीज केंद्र आहे, ६६० मेगावॉटचे पाच संच, एकूण ३,३०० मेगावॉट. दोन्ही ठिकाणी मूळ काम एकच आहे, आग लावायची आणि पाण्याची वाफ करायची. पण राइस मिलमध्ये आगीभोवतीची भिंत जमिनीवर उभी असते आणि तिरोड्याला ती छताला टांगलेली असते. हा फरक नुसता आकाराचा नाही, आणि आजचं सगळं बोलणं याच फरकाभोवती आहे.

आधी घरातली तीन उदाहरणं घेऊ. पहिलं, चूल. मातीच्या चुलीत भिंत आणि आधार एकच असतात. भांड्याचं वजन चूलच घेते, धगही चूलच सोसते, धुराला वाटही चूलच देते. म्हणून चूल सारखी फुटते आणि घरातली बाई ती सारखी लिंपत राहते. दुसरं, वाडा. जुन्या वाड्यात वजन खांब आणि तुळया घेतात. मधली भिंत आडोशाला असते. भिंतीचा एखादा भाग पडला तरी माडी जागेवर राहते. तिसरं, शिंकं. दुधाचं भांडं आढ्याला टांगलेलं असतं. त्याच्याखाली काही नसतं. ते झुलू शकतं, आणि खाली जमिनीवर काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नसतो.

बॉयलरच्या बांधणीचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या तीन वस्तूंत मावतो असं आम्हाला वाटतं. चुलीकडून वाड्याकडे आणि वाड्याकडून शिंक्याकडे.

चुलीचं मोठं रूप म्हणजे लँकेशायर बॉयलर. फेअरबेअर्न आणि हेदरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये १८४४ साली त्याचं पेटंट घेतलं. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्या पिढीच्या कापडगिरण्यांचा ठरलेला बॉयलर म्हणजे हाच. पोलादाचं आडवं पिंप, सात-नऊ मीटर लांब, त्याच्या पोटातून जाणाऱ्या दोन नळ्या आणि त्या नळ्यांत आग. गरम वायू मागं जायचा, मग पिंपाच्या खालून पुढं यायचा, मग दोन्ही बाजूंनी पुन्हा मागं जाऊन धुराड्यात. हे खालचे आणि बाजूचे बोगदे विटांचे. आणि पिंप टेकलेलं त्याच विटांवर. एवढ्या पिंपात नुसतं पाणीच वीस टनांच्या आसपास भरतं, पोलादाचं वजन वेगळं.

या बांधणीचा गुण मान्य करायला हवा. ती साधी होती, गावातल्या गवंड्याला समजायची, आणि विटांचा एवढा मोठा साठा एकदा तापला की आग कमीजास्त झाली तरी वाफ लगेच पडायची नाही. पण दोषही तिथंच होता. पिंप जिथं विटेला टेकतं, ती जागा कोणाला दिसत नाही. तिथं ओल धरते, पत्रा बाहेरून कुजत जातो आणि वरून सगळं ठाकठीक दिसतं. म्हणून जाणते लोक टेकण्याची वीट मुद्दाम अरुंद ठेवायचे, पत्रा कमीत कमी झाकला जावा म्हणून. एका लहानशा विटेच्या रुंदीत केवढा विचार आहे बघा.

वाड्याची पद्धत आली ती बॅबकॉक आणि विल्कॉक्स यांच्या बॉयलरबरोबर. त्यांचं पहिलं पेटंट १८६७ चं. त्यांनी पाणी नळ्यांत घातलं, आग बाहेर ठेवली आणि वरचं पिंप पोलादी तुळयांवरून पट्ट्यांनी लोंबकळत ठेवलं. तुळया खांबांवर. विटांची भिंत चारी बाजूंनी होतीच, पण तिच्यावर बॉयलरचं वजन नव्हतं. भिंत तापली, वाढली, तडकली तरी पिंप जागचं हलत नव्हतं. आणि पिंप वाढलं तरी भिंतीला धक्का देत नव्हतं. आमच्या मते बॉयलरच्या बांधणीतली ही सगळ्यांत मोठी उडी आहे. आधार वेगळा आणि आडोसा वेगळा, ही गोष्ट त्यांनी पोलादात आणि विटेत स्पष्ट मांडली.

आता शिंकं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोठ्या बॉयलरमधून विटांची भिंत जवळजवळ गेलीच. पाण्याच्या नळ्याच एकमेकींशेजारी उभ्या करून, दोन नळ्यांच्या मधे पोलादाची पट्टी वेल्ड करून, सगळी मिळून एक हवाबंद भिंत केली. भिंत म्हणजेच नळ्या, नळ्यांत पाणी, आणि पाणी वाहतंय तोवर ती भिंत जळत नाही. ही सगळी भिंत, चारी बाजू, खालचं नरसाळं धरून, वरच्या महाकाय तुळयांना सळयांनी टांगलेली असते. ६६० मेगावॉटच्या बॉयलरचा सांगाडा ऐंशी मीटरच्या आसपास उंच असतो. त्याच्या माथ्यावरून हजारो टन वजन खाली लोंबतंय.

टांगायचं कशाला? इथं थोडा हिशेब करू. पोलाद १०० अंशांनी तापलं की मीटरमागं साधारण १.२ मिलीमीटर वाढतं. भिंत समजा ६० मीटर उंच आहे आणि थंडीतून ३८० अंशांनी तापली. गुणाकार केला की सुमारे २७० मिलीमीटर येतात. म्हणजे एक वीतभरापेक्षा जास्त. ही वाढ कुठं तरी जाणार. भिंत खाली टेकवली असती तर ती वर गेली असती आणि वरचं पिंप, वाफेचे मोठे पाइप, सगळं ढकललं गेलं असतं. टांगली म्हणून ती मोकळेपणी खाली येते. खालच्या नरसाळ्याचं तोंड राखेच्या हौदात पाण्यात बुडवून ठेवलेलं असतं. त्या पाण्यामुळं हवा आत येत नाही आणि नरसाळं वरखाली सरकू शकतं. एवढ्या मोठ्या यंत्राच्या तळाला सांधा कसला, तर पाण्याचा. आम्हाला ही जागा फार आवडते.

पण टांगलेली भिंत पातळ असते, आणि पातळ भिंतीचा शत्रू म्हणजे बाजूचा दाब. भट्टीत बाहेरच्यापेक्षा थोडा कमी दाब ठेवतात, म्हणजे धग बाहेर येत नाही. पाण्याच्या भाषेत दहा मिलीमीटर वगैरे. पाण्याचा एक मिलीमीटर म्हणजे चौरस मीटरला एक किलो. भिंत २० मीटर रुंद आणि ४० मीटर उंच धरली तर ८०० चौरस मीटर झाले. म्हणजे रोजच्या चालण्यात बाहेरची हवा त्या भिंतीला आठ टनांनी आत ढकलत असते. आता समजा आग एकाएकी विझली. आतला वायू थंड होऊन आकसतो आणि मागचा पंखा तर ओढतोच आहे. अशा वेळी भिंत आत चेपू नये म्हणून मोठ्या भट्ट्यांसाठी अमेरिकी एनएफपीए ८५ या संहितेत ३५ इंच पाण्याचा क्षणिक दाब धरलेला आहे. म्हणजे चौरस मीटरला साधारण ८९० किलो. आपल्या भिंतीवर तो सातशे टनांच्या पुढं जातो.

हा भार घेतात बकस्टे. म्हणजे भिंतीच्या बाहेरून ठरावीक अंतरावर आडवे बांधलेले जाड पोलादी गर्डर. पिंपाला कड्या असतात तसे. पण कडी पिंपाला घट्ट बसते, आणि बकस्टे घट्ट बसवून चालत नाही. भिंत तापते, गर्डर थंड राहतो. म्हणून त्यांची जोडणी सरकती ठेवतात. दाब तर घ्यायचा, पण वाढीला अडवायचं नाही. कोपऱ्यातल्या दुव्यांचंही तेच. बॉयलरच्या बांधणीचं मर्म एका वाक्यात विचारलंत तर आम्ही हेच सांगू, की कुठं धरायचं आणि कुठं सोडायचं हे ज्याला कळलं त्याला बॉयलर बांधता आला.

इथवर आम्ही कौतुक केलं. आता टीका.

तिरोड्यासारख्या ठिकाणी हा सगळा विचार आराखड्यात आहे, गणितात आहे, संहितेत आहे. राइस मिलच्या भट्टीत तो कुठं आहे? तिथल्या बॉयलरचं पिंप कारखान्यातून तयार होऊन येतं, त्याच्या पत्र्याची जाडी ठरलेली, वेल्ड तपासलेला, कागद सोबत. पण त्याच्यापुढची भट्टी, जिथं तूस प्रत्यक्ष जळतं, तिची विटांची भिंत, कमान, जाळीचा आधार, हे सगळं जागेवर बांधलं जातं. आणि जागेवर बांधलं जातं म्हणजे बहुतेक वेळा सवयीनं बांधलं जातं.

तूस हे इंधन समजून घ्या. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस निघतं. ते फुकट नसलं तरी दारातच असतं, म्हणून मिलवाला तेच जाळणार, आणि ते बरोबरही आहे. पण तूस हलकं आहे. त्याचा मोठा भाग वायू होऊन जळतो, बरंचसं तूस जाळीवर बसण्याआधी हवेतच पेटतं. ज्योत लांब लागते. कोळशाच्या मापानं बांधलेल्या बसक्या भट्टीत ती ज्योत पुरी होत नाही आणि आग थेट नळ्यांत शिरते. दुसरं, तुसाच्या वजनाचा १५ ते २० टक्के भाग राख होतो आणि त्या राखेत दहातले नऊ हिस्से सिलिका. म्हणजे बारीक वाळूच. ती वायूबरोबर उडते आणि वळणावरच्या विटा घासून काढते. तिसरं, राखेत पोटॅशियमसारखे क्षार असतात. ते वाढले, किंवा तुसात दुसरं काही मिसळून जाळलं, की राख लवकर मऊ होते आणि भिंतीला चिकटते. तिचे गठ्ठे होतात. मग माणूस दारातून लांब सळई घालून ते ठोकून काढतो, आणि गठ्ठ्याबरोबर विटेचा तुकडाही निघतो. भिंत आगीनं जेवढी झिजत नाही तेवढी त्या सळईनं झिजते.

आता त्या भिंतीकडे परीक्षकाच्या नजरेनं बघू. आत अग्निवीट, नऊ बाय साडेचार बाय तीन इंचांची. बाहेर लाल वीट. आतली बाजू हजार अंशांच्या घरात, बाहेरची हाताला सोसेल इतपत. अग्निवीट हजार अंशांना अर्ध्या टक्क्याच्या आसपास वाढते. चार मीटर भिंत म्हणजे दोन सेंटिमीटर. लाल वीट तेवढी वाढत नाही. म्हणून आतल्या भिंतीत ठरावीक अंतरावर मोकळी फट ठेवायची असते, तीत सिरॅमिक फायबर भरायचं असतं. फट ठेवली नाही तर भिंत आपली फट आपणच करून घेते. मग ती कुठं पडेल ते आपल्या हातात नसतं.

दर्जांचं तेच. घर बांधताना दोन विटांमधे बोटाच्या जाडीएवढा मसाला घालतात. अग्निविटेत तो दोन-तीन मिलीमीटरच्या वर जाऊ नये. तिथं मसाला हा कमकुवत भाग आहे, विटेनं विटेला टेकायला हवं. आणि मसाला अग्निमातीचा हवा. साधं सिमेंट चार-पाचशे अंशांच्या पुढं आपली पकड सोडतं. तरीही घाईत सिमेंट वापरलं जातं, कारण ते लगेच घट्ट होतं आणि भिंत संध्याकाळपर्यंत सुबक दिसते. आमचा या कामावरचा पहिला आक्षेप हाच आहे. ही भिंत थंड असताना चांगली दिसावी म्हणून बांधलेली असते, तापल्यावर चांगली वागावी म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप कमानीबद्दल. भट्टीचं छत विटांच्या कमानीचं असेल तर ती कमान दोन्ही बाजूंना रेटा देते. तो रेटा बाजूच्या भिंतीनं घ्यायचा नसतो. बाहेरचे उभे पोलादी चॅनेल आणि त्यांना वरखाली ओढून धरणारे टाय रॉड, यांनी घ्यायचा असतो. पण कालांतरानं काय होतं, तुसाचा नवा हॉपर बसवायचा असतो, रॉड मधे येतो, आणि तो कापला जातो. त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कमान थोडी बसते, मधल्या दोन-तीन विटा खाली उतरतात, वर मातीचा थर देऊन ते झाकलं जातं. वाड्याचं पुन्हा चुलीत रूपांतर झालेलं असतं, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. नवी भिंत ओली असते. तिला हळूहळू शेकायला लागतं. पाणी निघून जाईपर्यंत शंभराच्या थोडं वर थांबायचं, मग तासाला पंचवीस-पन्नास अंशांनी चढवायचं. दोन-चार दिवस जातात. घाई केली तर आतलं पाणी आतच वाफ होतं आणि थर सोलून काढतं, कधी फाडतंच. आता धान कधी येतं? दिवाळीच्या आगेमागे. दुरुस्ती कधी काढतात? त्याच्या अगदी तोंडावर. म्हणून शेकण्याचे चार दिवस एका रात्रीत उरकले जातात. मिलवाल्याला दोष देणं सोपं आहे. पण बँकेचं व्याज आणि दारात उभ्या गाड्या त्याला दिसतात, विटेच्या आतलं पाणी दिसत नाही. ते त्याला सांगण्याचं काम कोणाचं?

इथून आम्ही कायद्याकडे येतो. आपल्या देशात बॉयलरचा कायदा स्फोटातून जन्मला. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटला, माणसं गेली, आणि पुढच्या वर्षी बंगालसाठी पहिला कायदा झाला. मग सगळ्या देशाला लागू होणारा १९२३ चा कायदा, १९५० ची भारतीय बॉयलर नियमावली, आणि आता जुन्या कायद्याच्या जागी आलेला २०२५ चा बॉयलर कायदा. या परंपरेनं केलेलं काम मोठं आहे. पिंप फुटण्याची भीती ज्या काळी रोजची होती, तो काळ या तपासण्यांनी मागं टाकला. आपल्याकडं बाष्पके संचालनालय आहे, ठरलेल्या मुदतीनं दाखला नवा करावा लागतो, पाण्याच्या दाबाची चाचणी होते. यातलं काहीही कमी करावं असं आम्ही म्हणत नाही.

पण या कायद्याची नजर दाबावर आहे. बॉयलरचा घटक कोणता, तर ज्याच्यावर वाफेचा किंवा पाण्याचा दाब येतो तो. अपघात कोणता, तर घटकाचा स्फोट, किंवा पाणी-वाफ आवर न राहता बाहेर पडणं. आगीभोवतीची विटांची भिंत यात बसत नाही. कमान कोसळून माणूस भाजला तर ते कारखान्यातल्या अपघातांच्या खात्यात जातं, बॉयलरच्या नाही. नियमावलीत वीटकाम ठळकपणे येतं ते तपासणीच्या तयारीच्या संदर्भात, की निरीक्षकाला पत्रा नीट बघता यावा म्हणून तो सांगेल तेवढं वीटकाम काढून ठेवावं. काढलेलं वीटकाम परत कसं लावलं, हे बघायला मात्र कोणी येत नाही. आम्हाला यात कायद्याची चूक कमी आणि वारसा जास्त दिसतो. १८६३ ला जे फुटलं ते पिंप होतं, म्हणून डोळे पिंपावर खिळले ते खिळलेच.

माणसांकडे बघा. बॉयलरच्या पिंपावर वेल्ड करणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं. बॉयलर चालवणाऱ्या अटेंडंटला परीक्षा द्यावी लागते, त्याच्यावरच्या इंजिनिअरलाही. नव्या कायद्यात बॉयलरच्या आत काम करणाऱ्यांच्या सुरक्षेचा आणि दुरुस्ती पात्र माणसाकडून करण्याचा मुद्दा मुद्दाम घेतला आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण भट्टीच्या गवंड्यासाठी बॉयलरच्या नियमांत परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, नावही नाही. तो हंगामाच्या आधी येतो, दोन आठवडे आत घुसून काम करतो आणि जातो. त्यातले काही फार जाणते असतात. विटेवर करणी वाजवून तडा ओळखतात, कमानीच्या शेवटच्या विटेला किती हलकं ठोकायचं हे त्यांच्या हाताला कळतं. हे ज्ञान कुठं लिहिलेलं नाही. तो माणूस थकला की त्याच्याबरोबर जातं, आणि पुढच्या हंगामात घर बांधणारा गवंडी भट्टी बांधायला येतो.

कोणी म्हणेल, लहान भट्टीची एवढी काळजी कशाला, मोठ्या ठिकाणी तर सगळं गणितानं होतं. मोठ्या ठिकाणाचंही बघू. १ नोव्हेंबर २०१७ ला रायबरेली जिल्ह्यातल्या उंचाहार इथं ५०० मेगावॉटच्या संचात दुर्घटना झाली. भट्टीच्या तळाशी राख साचत गेली होती, ती काढण्याचं काम संच चालू असतानाच चाललं होतं. भट्टीतला दाब वाढला, भिंतीतून वाट फोडून जळता वायू आणि राख बाहेर आली, आणि चाळीसपेक्षा जास्त माणसं गेली. ही गोष्ट पिंप फुटण्याची नाही. ही भट्टीची, भिंतीची, तळातल्या राखेच्या भाराची गोष्ट आहे. टांगलेल्या भट्टीचं नरसाळं राखेनं भरलं की तो भार त्याच सळयांवर येतो, आणि खालची वाट बंद झाली की दाबाला बाजूची भिंतच उरते. एवढी विचारपूर्वक केलेली बांधणी, पण ती धरून चालते की तळ मोकळा असेल. ते गृहीत मोडलं की सगळा हिशेब मोडतो. आणि त्या वेळी सगळ्यांत जवळ कोण असतं? राख काढणारा माणूस. बहुतेक ठिकाणी कंत्राटावरचा.

राइस मिलमध्ये सळई घेऊन दाराशी उभा असलेला माणूस आणि उंचाहारला हौदाजवळ उभे असलेले कामगार, यांची जागा एकच आहे. भिंतीच्या बाहेर, एक हात अंतरावर. बॉयलरच्या बांधणीचं परीक्षण आम्ही शेवटी त्याच जागेवर उभं राहून करतो. तिथून पिंपाची जाडी दिसत नाही. तिथून दिसतं दार, दाराभोवतीची फ्रेम, फ्रेममागची वीट, आणि त्या विटेला कोणी काय करून ठेवलंय ते.

मग करायचं काय? आमच्या तीन गोष्टी आहेत, तिन्हींना फार पैसे लागत नाहीत.

पहिली, भट्टीची वही. भिंत कधी बांधली, कोणती वीट वापरली, आयएस ६ ची की आयएस ८ ची, फटी कुठं ठेवल्या, कोणत्या तारखेला शेकायला घेतली आणि किती तासांत किती अंशांपर्यंत नेली. पिंपाचे कागद जपून ठेवतो तसेच हे ठेवायचे. भिंत पडली तर निदान का पडली ते कळेल, आणि पुढच्या वेळी तीच चूक विकत घ्यावी लागणार नाही.

दुसरी, पोलादाला हात लावण्याआधी विचारणं. भट्टीच्या बाहेरचा कोणताही चॅनेल, टाय रॉड, सळई कापायची असेल तर ती कोणाचा रेटा घेते हे आधी समजून घ्यायचं. ज्याला सांगता येत नाही त्यानं कापू नये. त्या रॉडला लाल रंग द्या. लाल म्हणजे हात लावू नका, एवढं सगळ्यांना कळतं.

तिसरी, गवंड्याला नाव देणं. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये वेल्डर आहे, फिटर आहे. अग्निविटेच्या कामाचा आठ-पंधरा दिवसांचा छोटा वर्ग तिथं सहज चालू शकतो, आणि शिकवायला ते जुने जाणते गवंडीच बोलवावेत. इंजिनिअरनं त्यांच्यासमोर फळ्यावर वाढीचा गुणाकार करावा आणि त्यांनी इंजिनिअरला दर्जा किती पातळ ठेवायची ते हातानं दाखवावं. दोघांनाही एकमेकांकडून घेण्यासारखं आहे. प्रमाणपत्र मिळालं तर मजुरीही वाढेल, आणि वाढायलाच हवी.

आम्ही तिरोड्याची बांधणी श्रेष्ठ आणि मिलची कनिष्ठ असा निकाल देत नाही. दहा किलो दाबाच्या तुसाच्या बॉयलरला शिंक्याची गरज नाही. त्याला चांगला वाडा पुरे आहे. खांबानं वजन घ्यावं, चॅनेलनं रेटा घ्यावा, विटेनं फक्त धग अडवावी, आणि प्रत्येकाला वाढायला आपापली जागा असावी. आपल्याकडच्या बऱ्याच भट्ट्यांत हे तिन्ही भार विटेच्या एकटीच्या माथ्यावर आहेत, हा आमचा आक्षेप आहे, आणि तो दूर करता येण्यासारखा आहे. पुढचा हंगाम यायच्या आत भट्टी थंड असेल तेव्हा टॉर्च घेऊन आत जा. छताच्या मधल्या विटा बघा, खाली उतरल्यात का. दाराच्या वरचा तडा बघा, गेल्या वर्षीपेक्षा रुंद झालाय का. बाहेर येऊन रॉड मोजा.

एवढं बोलून आम्ही थांबतो. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत मिलमध्ये काम करणारी मंडळी बसली आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करू.